सोबतीची वही: बेळगाव, खानापूर, निपाणी

९ जून २०२४, रविवार. बेळगाव

उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, टेबलावर उघडून ठेवलं. मागच्या पाच वर्षांत मोठ्या वयात बाप्तिस्मा घेतलेली अकरा माणसं. आज त्यांतली बाकावर किती होती? तीन. दोघं गाव सोडून गेलीत एवढं ठाऊक आहे. उरलेल्या सहा जणांचं काय झालं, हे खोलीतल्या कुणालाच धड सांगता येईना. एका नावापुढं साक्षीदार म्हणून सही माझीच होती.

फार वाईट वाटलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण हार घालतो, साक्ष ऐकतो, पुलाव करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माणूस घागर घेऊन आपल्या गल्लीतल्या नळावर एकटंच जातं आणि सगळी गल्ली त्याच्याकडं बघत असते. त्या सकाळी आपण कुठं असतो?

पूर्वी निदान आसरा होता. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी इथलेच, जन्म १८३१ चा, इथल्या मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी घरानं बाहेर काढलं की माणूस मिशनच्या कंपाउंडात येऊन राही. काम तिथं, शेजार तिथं, सोयरीकही तिथंच. माणूस वाचे, पण गाव सुटे ते कायमचं. माझे आजोबा असेच सुटलेले. आज कंपाउंड नाही, आणि ते परत यावं असं मलाही वाटत नाही. नवा विश्वासी त्याच घरात, त्याच चुलीपाशी राहणार. मग आपणच त्याच्या चुलीपाशी जायला हवं.

वर्षभर हे करून बघायचं ठरलं. नाव 'सोबत'. नवे सात, सोबती पाच. वही मी ठेवायची.

१३ जून, गुरुवार

सात जणांची नावं लिहीत नाही. वही कुणाच्याही हाती पडू शकते. निपाणीच्या विडीवाल्या अक्का. खानापूरकडचे वारकरी आजोबा. वडगावातलं मागवालं जोडपं. वडगावचीच एक सूनबाई. कॉलेजातला एक मुलगा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा एक पोरगा. पाच जणांचा बाप्तिस्मा झालेला आहे. कॉलेजवाला आणि फाउंड्रीवाला अजून शिकतायत.

सोबती म्हणजे पाळकसाहेब, पाळकीणबाई, पोस्टातून रिटायर झालेले अण्णा, दवाखान्यातल्या सिस्टर आणि मी. अण्णांची मातृभाषा कन्नड, पण मराठी आमच्याइतकीच सराईत.

बाईसोबत बाई, पुरुषासोबत पुरुष, हे पहिल्यांदा ठरलं. फक्त आजोबांकडं मी जाणार, कारण ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि त्यांनीच मला मागितलं. दुसरं म्हणजे पैसा, धान्य, नोकरीचा शब्द, काही द्यायचं नाही. अडचणीत मदत लागली तर ती मंडळीच्या मदतफंडातून, आणि तो फंड शेजारच्या हिंदू, मुसलमान घरालाही तसाच खुला आहे. तिसरं, फोटो काढायचे नाहीत. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. मागं एकाचा बाप्तिस्म्याचा फोटो फिरत फिरत त्याच्या मालकापर्यंत गेला आणि आठवड्यात काम सुटलं. फोटो आमच्यापैकीच कुणीतरी कौतुकानं टाकला होता.

खर्चाचं बोलणं पाच मिनिटांत मिटलं. गेल्या वर्षीच्या ११ जूनपासून शक्ती योजना लागू आहे, आधार कार्ड दाखवलं की राज्याच्या साध्या बसला आम्हा बायकांना तिकीट नाही. पुरुषांचं तिकीट, वह्या, मार्कच्या शुभवर्तमानाच्या सुट्या प्रती, बस्स.

मार्क का? चार शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान, सोळाच अध्याय. आठवड्याला एक घेतला तरी दसऱ्याच्या आत संपतो. आणि त्यात माणसं सतत चालत असतात, जेवत असतात, होडीत बसत असतात. आमच्या माणसांना ते ओळखीचं वाटतं.

२७ जून, गुरुवार. निपाणी

अक्कांच्या घरी पहिल्यांदा गेले. दारातच सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळवायचं, टोक नखानं मुडपायचं, दोऱ्याचा वेढा. बोलताना एकदाही हाताकडं पाहत नाहीत. मुकादमाला मोजून हजार द्यायच्या, खराब निघतील त्या तो छाटून बाजूला टाकतो, त्यांचे पैसे नाहीत.

मी पिशवीतून मार्क काढला. त्या हसल्या. "मला वाचायला येत न्हाई, बाई." मी तिसाव्या वर्षापासून बायबलचे वर्ग घेते, आणि हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. मुलगी सातवीत, कन्नड शाळेत. तिला मराठी अक्षरं लागतात, पण अडखळत.

म्हणून पुस्तक पिशवीत घातलं आणि तोंडानं सांगितलं. दुसरा अध्याय, कफर्णहूमातल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट. घरात मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून चौघांनी छप्पर उकललं आणि खाट खाली सोडली. अक्का म्हणाल्या, "परत सांगा." परत सांगितली. मग त्यांनी मला सांगितली. त्यांच्या गोष्टीत छपराची कौलं झाली होती, एक कौल फुटून घरमालकाच्या ताटात पडलं होतं आणि घरमालकीण ओरडत होती. ताटाचं आणि ओरडण्याचं तेवढं मी दुरुस्त केलं. कौलं राहू दिली. लूकनं हीच गोष्ट सांगताना कौलंच म्हटलंय.

निघताना म्हणाल्या, पंचवीस विड्यांच्या कट्ट्यात ही गोष्ट दोनदा सांगून होते.

१६ जुलै, मंगळवार. खानापूर तालुका

उद्या आषाढी. आजोबांकडं आज मुद्दाम गेले.

बावीस वर्षं पायी वारी केलेला माणूस. गेल्या वर्षी नाताळाच्या आधी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांच्या मागं कुणीच लागलं नव्हतं. बायकोच्या आजारपणात दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसानं दिलेलं योहानाचं शुभवर्तमान त्यांनी स्वतःच चार वेळा वाचलं. तुळशीची माळ काढून पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. फेकली नाही, आम्हीही फेका म्हटलं नाही.

पडवीत बसलो होतो. बाहेर लावणीचा पाऊस. आजोबा बराच वेळ बोलेनात. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या गुंड्यांवरून खाली वर फिरत होता, एक, दोन, तीन, चार, पुन्हा वरून. माळ ओढायची सवय बोटांतून गेलेली नाही. मग म्हणाले, "बाई, रानात काम करताना तुकोबाचे अभंग तोंडात येत्यात. दाबून धरतो. पाप हाय काय?"

मला भरून आलं. या माणसाला आम्ही बाप्तिस्मा दिला, प्रभुभोजन दिलं, आणि त्याच्या तोंडातलं गाणं तो सात महिने दाबून धरून बसलाय, याचा कुणाला पत्ता नाही.

मी त्यांना नारायण वामन टिळकांबद्दल सांगितलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस तुकोबांना आपला मानत राहिला, ख्रिस्तावर अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. आपण रविवारी जी गीतं म्हणतो त्यांतली कितीतरी त्यांची. आजोबांना हे माहीतच नव्हतं. गीतपुस्तक दर रविवारी त्यांच्या हातात असतं, पण ते गीत कुणाचं, कुठल्या वाटेनं आलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"म्हंजे माज्या आदी बी कोन तरी ह्या वाटंनं आलंय," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं डोळे मिटून अभंगाच्या चालीवर स्वतःच्या शब्दांत प्रार्थना म्हटली. बायकोचं नाव त्यात होतं, बैलांचं होतं, शेवटी येशूचं होतं. टाळ नव्हते, गुडघ्यावर हातानंच ठेका धरला.

जाताना आणखी एक विचारलं: मेल्यावर मला कुठं नेणार? गावात ख्रिस्ती दफनभूमी नाही. थोरला मुलगा तिथंच उभा होता. म्हणाला, "बघू." हे लोंबकळत ठेवायचं नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या फेरीत दोन्ही मुलांना घेऊन बसावं. (ता. क. बसले. स्वतःच्या शेताच्या बांधाला चालेल असं धाकटा म्हणतो. थोरला अजून गप्प.)

२५ जुलै, गुरुवार

खानापूरकडं पाऊस फार. नदी पुलाला लागली म्हणतात, फेरी रद्द. फोनवर दहा मिनिटं बोलले.

८ ऑगस्ट, गुरुवार. वडगाव

आजची नोंद मला जड जाते आहे, पण हीच नीट लिहायला हवी.

सूनबाईच्या घरी बोलावणं आलं, तिच्या सासूचं. गेले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या, पदर तोंडाला. मागच्या खोलीत यंत्रमाग बंद. वडगावात भर दुपारी माग बंद दिसला की घरात काहीतरी घडलंय असं समजावं. सूनबाई भिंतीला टेकून उभी. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "द्येव बदलला, मी काय बोल्ली न्हाई. माजा ल्योक म्हनला तिच्या मनाला शांती लागतीया तर जाऊ दे, मी गप बसली. पन पांढरं कपाळ करून माज्या लेकाच्या ताटात भाकरी वाढतीया! माजा ल्योक जित्ता हाय की गे!"

मी आई ख्रिस्ती, आजी ख्रिस्ती अशा घरात वाढले. आमच्यात कुणीच कुंकू लावत नसे. मोकळं कपाळ माझ्या डोळ्यांना रोजचं. समोरच्या बाईला त्या कपाळात आपल्या मुलाचं मरण दिसतंय, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. आणि सूनबाईनं हे कुणाचं ऐकून केलं? माझं. मेमध्ये महिला मंडळात मीच म्हटलं होतं, आता या टिकल्याबांगड्यांची काय गरज. सहज म्हटलं होतं. तिनं तीन महिने ते मनात धरलं आणि काल रात्री बांगड्या उतरवल्या. सूनबाई घाबरून आमच्या सगळ्यांचं ऐकत होती. आम्हाला ते श्रद्धेचं लक्षण वाटत होतं.

मी सासूबाईंच्या पायापाशी बसले. म्हटलं, चूक माझी, तिची नाही. तुमच्या लेकाला मोठं आयुष्य मिळावं म्हणून ती रोज प्रार्थना करते, मी ऐकलंय. सासूबाई बोलल्या नाहीत. पण अर्ध्या तासानं आत गेल्या आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. चहा आला तेव्हा कपबशा चार होत्या.

सूनबाईला बाहेर आल्यावर सांगितलं: कुंकू लावायचं की नाही हे तू ठरव, नवऱ्याशी बोलून ठरव. पाळकीणबाईंना विचारू नको, मलाही विचारू नको.

११ ऑगस्ट, रविवार

सोबत्यांची बैठक दोन तास चालली. पाळकीणबाईंना माझं म्हणणं पटलं नाही. त्यांचा मुद्दा असा की आज कुंकू, उद्या देव्हारा, परवा लक्ष्मीपूजन. मग बदललं काय? त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीनं विहीर बंद केली होती, चार वर्षं पाणी लांबून आणलं. त्या सहजासहजी मऊ होणार नाहीत, आणि त्यांच्या कठोरपणामागं काय आहे ते मला दिसतं.

मी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. कर्नाटकाच्याच घाटातला जन्म, १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना वाटे, रमाबाईंनी चर्चची शिकवण निमूट मान्य करावी. रमाबाई पत्रांतून वाद घालत: जे मला पटलेलं नाही ते मी मान्य आहे म्हणून कसं सांगू? मांसाहारही त्यांनी स्वीकारला नाही. आणि पुढं स्वतःच्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. आठ वर्षं! मुक्ती मिशन उभं करणाऱ्या, मराठी बायबलचं भाषांतर करण्यात शेवटची वर्षं घालवणाऱ्या बाईला आठ वर्षं लागली असतील, तर वडगावच्या सूनबाईला आपण तीन महिन्यांत कशाला पूर्ण करायला निघालो?

अण्णा शेवटी म्हणाले की बायबलात पहावं कोणाला कोणी हाताशी धरलं. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे भ्यायले तेव्हा बर्णबानं त्याला प्रेषितांकडं नेलं. अपुल्लोस चांगला वक्ता, पण त्याचं ज्ञान अर्धवट. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला भर सभेत न टोकता आपल्या घरी नेऊन समजावलं. दोन्ही ठिकाणी कुणीतरी आपल्या वेळातला वेळ दिला.

मतभेद मिटला नाही. पण एक ठरलं: यापुढं कपडे, दागिने, कपाळ, केस याबद्दल नव्या माणसाला सोबत्यानं आपणहून काही बोलायचं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

मागवाल्या दादांच्या घरचा गणपती थोरल्या भावाकडं असतो. दरवर्षी मखर दादाच करतात. अख्ख्या गल्लीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. यंदा काय करायचं, यावर पाळकसाहेब आणि ते दोन गुरुवार बसले. करिंथकरांस पहिल्या पत्रातला आठवा अध्याय काढला, मूर्तीपुढं ठेवलेल्या अन्नाचा. पाळकसाहेबांनी समजावून सांगण्याआधी दादांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या खाण्यानं कुणाचा पाय घसरतो काय, हे बघायचं."

दहाव्या अध्यायात आणखी आहे: कुणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खावं, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नये.

दादांनी मखर केलं नाही. त्याऐवजी भावाच्या घराची सगळी रंगसफेदी आठ दिवस आधी स्वतः केली. आज आरतीच्या वेळी बाहेर चपलांपाशी उभे राहिले, आरती झाल्यावर आत गेले, पंगतीत बसून जेवले, नैवेद्याचा मोदक पानात आला तेव्हा हात जोडून पुतण्याला दिला. भावाला आधीच सांगितलं होतं. भाऊ दिवसभर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, पण पानात तूप त्यानंच वाढलं. वहिनींनी हे मला फोनवर सांगितलं.

मोदक खाल्ला असता तरी मी त्यांच्याशी भांडले नसते. मखर केलं असतं तर? ठाऊक नाही. सोबती म्हणून आम्हाला उत्तर देता आलं नाही ते त्यांनी स्वतः शोधलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी, दरवर्षीप्रमाणं. शहरात बंदोबस्त, आजचा वर्ग अण्णांच्या घरी. कॉलेजवाला मुलगा घरी मराठी बोलतो, शिकला कन्नड माध्यमात. मराठी शास्त्र त्याला कठीण जातं. मराठी शुभवर्तमानातले लांबलचक शब्द त्याच्या घरी कुणी वापरत नाही. म्हणून अण्णा त्याच्याबरोबर कन्नड 'सत्यवेद' वाचतात, आणि प्रार्थना दोघं मराठीत करतात. बाहेर घोषणा ऐकू येत होत्या. दोघांनी खिडकी लावून घेतली आणि अकरावा अध्याय पुढं चालू ठेवला.

५ डिसेंबर, गुरुवार

कॉलेजवाल्याचा बाप्तिस्मा नाताळात घ्यायचा असा त्याचा आग्रह होता. आज त्याच्यासमोर सगळं मांडलं. अण्णा, पाळकसाहेब, आणि माझ्या ओळखीचे एक वकील.

दोन गोष्टी. पहिली राज्याच्या कायद्याची. धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा २०२२ चा. त्याचं विधेयक विधानसभेत २०२१ च्या डिसेंबरात इथंच, बेळगावच्या सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत मंजूर झालं होतं. त्यात धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं घोषणापत्र द्यायचं आहे. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचा निर्णय घेतला. वकीलसाहेबांचा सल्ला स्पष्ट आहे: निर्णयावर विसंबून कागद टाळायचा नाही. सज्ञान माणसाचा स्वतःच्या हातचा अर्ज, वेळेत, पोच घेऊन. आमच्या पाच जणांचे कागद तसेच झालेत.

दुसरी गोष्ट त्याला लागणारी. तो अनुसूचित जातीचा आहे, शिष्यवृत्तीवर शिकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं हा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. बाप्तिस्म्यानं गावातल्या कुणाच्या नजरेतली जात पुसली जात नाही. पण नियम आहे तो आहे. गेल्याच महिन्यात, २६ नोव्हेंबरला, पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ख्रिस्ती आचरण चालू ठेवून केवळ नोकरीतल्या आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगता येणार नाही असा निकाल दिला.

हे सगळं बाप्तिस्म्याआधी सांगायचं. पाण्यातून बाहेर आल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक. काही ठिकाणी "कागदावर राहू दे तसंच" असा सल्ला देतात. आम्ही तो दिला नाही. नव्या विश्वासाची पहिली पायरी लपवाछपवीची असेल तर पुढं त्याला खरं बोलायला कोणत्या तोंडानं सांगणार?

मुलगा बराच वेळ टेबलावरच्या कागदाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "मला आईला विचारायला हवं." अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षं लागली तरी दर गुरुवारी मी इथंच आहे.

नाताळाच्या बाप्तिस्म्याच्या यादीतून नाव काढलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आम्हालाही आवरेना.

२९ डिसेंबर, रविवार

नाताळात सूनबाईची सासू आली! उपासनेला नव्हे, नंतरच्या जेवणाला. स्वतःच्या हातच्या करंज्यांचा डबा घेऊन. बायकांच्या पंगतीत बसली, कपाळभर कुंकू, आणि शेजारी सूनबाई, कपाळावर बारीक टिकली. सूनबाईनं ठरवलंय: घरात टिकली, उपासनेला जे मनाला येईल ते. आज टिकली होती.

पाळकीणबाईंनी करंजी घेतली. मला हळूच म्हणाल्या, "नवरा कधी येणार?" मी म्हटलं, टिळकांनंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली, १९०० साली घेतला त्यांनी बाप्तिस्मा, आणि तोही स्वतःच्या मनानं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसरी करंजी सासूबाईंकडून मागून घेतली.

१९ जानेवारी २०२५, रविवार

फाउंड्रीतला पोरगा गेला. नोव्हेंबरपासून फोन उचलत नव्हता, काल त्याच्या खोलीवर गेले तर दुसरंच कुटुंब. गोव्याला कामाला गेला म्हणतात. सिस्टरांच्या भावाकडं त्याची सोबत सोपवली होती. पण भाऊ तीन पाळ्यांत काम करणारा, पोरगा रात्रपाळीचा, दोघांची भेट महिन्यातून एकदा. ही जोडी चुकीची लावली, हे आम्हाला ऑगस्टमध्येच दिसत होतं. कुंकवाच्या गडबडीत त्याच्याकडं लक्ष राहिलं नाही. त्याची मार्कची प्रत घरमालकिणीनं परत दिली. सहाव्या अध्यायापर्यंत पेन्सिलच्या खुणा आहेत.

रात्रपाळीवाल्यांसाठी सोबती रात्रपाळीतलाच हवा. पाळकसाहेबांना सांगितलं. गोव्यात ओळखीच्या मंडळीला कळवलं आहे, नाव नव्हे, फक्त पोरगा शोधत आला तर दार उघडं ठेवा म्हणून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. निपाणी

काल सौंदत्तीच्या यल्लमाची पुनव होती. आज परतीच्या गाड्या, ट्रॅक्टरांवर हिरव्या चुड्यांच्या बायका, 'उदो गं आई'चा गजर. बस दीड तास उशिरा पोचली. अक्कांची थोरली बहीण त्यांतल्याच एका ट्रकमधून उतरली होती, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, आणि पाय धुऊन अक्कांच्या दारातच टेकलेली.

अक्कांचे मार्कचे सोळाच्या सोळा अध्याय आता तोंडपाठ आहेत. मुलगी मराठी वाचायला शिकली, आईला तपासण्यासाठी. दर शनिवारी गल्लीतल्या चार विडीवाल्या अक्कांच्या कट्ट्यावर बसतात, त्यांना गोष्ट हवी असते. त्यांच्यात प्रार्थना वगैरे काही होत नाही, आणि अक्का तसं काही करायलाही बघत नाहीत.

मी पोचले तेव्हा बहिणीला तीच कौलांची गोष्ट सांगणं चाललं होतं. हात चालूच. खाट खाली आली, येशू म्हणाला ऊठ, माणूस खाट उचलून चालता झाला. बहीण म्हणाली, बरं झालं बाई. अक्कांनी दोऱ्याचा वेढा दिला, विडी सुपात टाकली आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"बाई, त्यो गेला चालत. पन त्या चौघांचं काय झालं? कौलं परत कुनी शाकारली?"

मी मार्क काढून दुसरा अध्याय पुन्हा वाचून पाहिला. त्या चौघांबद्दल पुढं काहीच लिहिलेलं नाही. अक्कांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग लिवून ठेवा, विचारायचं राहिलं म्हनून."

लिहून ठेवलं.